श्रुती कोठे असते? संगीतश्रवणविषयक विचाराचा महाराष्ट्रातील इतिहास आणि मेंदूविज्ञानाची साक्ष

प्रस्तावना

संगीत ऐकताना माणसाच्या मेंदूत काय घडते, हा प्रश्न आज मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील समजला जातो. या प्रश्नाचा पूर्वेतिहास मात्र प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो आणि त्यातील काही महत्त्वाची पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत. स्वर तारेत असतो, गळ्यात असतो की ऐकणाऱ्याच्या ठायी असतो, याविषयी तेराव्या शतकात देवगिरीस विचार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली, सातारा, पुणे आणि मुंबई येथे याच प्रश्नावरून तीव्र वाद झाला. हा वाद बहुधा 'श्रुतींची संख्या आणि त्यांची मोजमापे' या मर्यादित चौकटीत मांडला जातो. वास्तविक त्याच्या मुळाशी श्रवणाचा, म्हणजेच ऐकणाऱ्या मनाचा प्रश्न होता.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. शार्ङ्गदेव, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या विचारांतील श्रवणविषयक भूमिका स्पष्ट करणे, हे पहिले. गेल्या काही दशकांतील मेंदूविषयक संशोधनाच्या प्रकाशात त्या भूमिकांचे मूल्यमापन करणे, हे दुसरे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार 'भारतीय ज्ञानप्रणाली' हा घटक पदवी अभ्यासक्रमात आला असताना असे ग्रंथ वर्गात कसे शिकवावेत याचा विचार करणे, हे तिसरे. इतिहास, संगीत, पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र आणि मानसशास्त्र या पाचही विषयांच्या अध्यापकांशी या प्रश्नाचा संबंध आहे.

देवगिरी : नाद आणि देह

नांदगावहून वेरूळच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला पुढे देवगिरीचा किल्ला लागतो. यादव राजा दुसरा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने येथेच 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. ते दक्षिणेत येऊन स्थिरावले आणि त्याने स्वतः यादव दरबारी हिशेबखात्याचे अधिकारपद सांभाळले. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींना आदरणीय आहे.

संगीताचा हा ग्रंथ आरंभीच मानवी देहाच्या वर्णनाकडे वळतो, ही गोष्ट लक्षणीय होय. पहिल्या अध्यायात देहाची उत्पत्ती आणि रचना सांगितली आहे. आत्म्याची बोलण्याची इच्छा मनाला प्रेरित करते, मन देहातील अग्नीला चेतविते, अग्नी वायूला गती देतो आणि तो वायू वर चढत नाद उत्पन्न करतो, असा क्रम तेथे मांडला आहे. हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार अशी नादाची स्थाने मानली आहेत. हृदयाशी संलग्न अशा बावीस नाड्या असून त्यांच्यामुळे बावीस श्रुती उत्पन्न होतात, असेही प्रतिपादन आहे. या विवेचनात संगीताचे अधिष्ठान देह आणि मन हे आहे.

त्याच अध्यायात शार्ङ्गदेव दुसरीही एक गोष्ट करतो. श्रुती प्रत्यक्ष दाखविण्यासाठी तो दोन समान वीणांवर बावीस तारा लावण्याची रीत सांगतो. पहिली तार सर्वांत मंद्र ठेवावी. दुसरी तिच्याहून किंचित उंच लावावी, इतकी किंचित की त्या दोहोंच्या मध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. पुढील तारा याच क्रमाने लावाव्यात. भरताच्या नाट्यशास्त्रातही एक अचल आणि एक चल अशा दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही ठिकाणी अंतिम निर्णय कानाचा आहे. 'श्रुती' या शब्दाचा अर्थच जे ऐकू येते ते, असा शार्ङ्गदेव सांगतो.

या दोन प्रतिपादनांचा दर्जा वेगळा आहे. बावीस नाड्यांचे विधान आजच्या शरीरशास्त्रास मान्य नाही. हृदयाशी जोडलेल्या अशा नाड्या शवविच्छेदनात आढळत नाहीत. तारा लावण्याची रीत मात्र पडताळून पाहता येते, कारण तेथे श्रोत्याला ओळखता येणाऱ्या लहानात लहान भेदाचा प्रश्न विचारलेला आहे. युरोपात या प्रकारच्या प्रश्नाला स्वतंत्र शास्त्राचे रूप १८६० मध्ये गुस्टाव फेख्नर याच्या मनोभौतिकीवरील ग्रंथाने दिले. शार्ङ्गदेवाने फेख्नरचा शोध आधीच लावला होता, असा याचा अर्थ नव्हे. सरावलेल्या कानाला अनुकूल परिस्थितीत काही सेंट इतकाच फरक कळतो आणि सप्तकात तर १२०० सेंट असतात, म्हणजे ओळखता येणारे भेद बावीसपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. तेव्हा बावीस ही संख्या कानाच्या क्षमतेची सीमा ठरत नाही. ती संगीतव्यवहाराने निवडलेली संख्या दिसते. ऐकू येणे आणि संगीतात अर्थपूर्ण ठरणे यांतील हे अंतर पुढील साऱ्या वादाचे बीज आहे.

सांगली आणि सातारा : तारेवरील श्रुती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिविज्ञानाने मोठी झेप घेतली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या अलेक्झांडर एलिस याने १८८५ मध्ये स्वरांतरे मोजण्यासाठी सेंट हे एकक रूढ केले. या विद्येच्या आधारे भारतीय स्वरांचे मापन करण्याचा प्रयत्न निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांचे काम पुढे नेले. भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणून लिहिलेले त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये आले.

देवलांच्या भूमिकेतील आकर्षण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर ५:४ या शुद्ध गुणोत्तराने गंधार ३०० कंपनांचा येतो. पाश्चात्त्य समविभाजित सप्तकात, म्हणजे सामान्य हार्मोनियमवर, तोच गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. हा फरक सुमारे १४ सेंटचा आहे. अवघा अडीच कंपनांचा हा फरक उपेक्षणीय वाटेल. परंतु षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा असतो आणि हार्मोनियमच्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ कंपनांचा पडतो. हे दोन्ही उपस्वर एकाच वेळी कानी पडले की सेकंदाला नऊ-दहा आंदोलने निर्माण होऊन स्वर खरखरीत भासतो. तंबोऱ्याच्या साथीने गाणाऱ्यास हा दोष विशेष जाणवतो, कारण जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. जवारीमुळे तंबोऱ्याचे उपस्वर असामान्य समृद्ध होतात, याचा शास्त्रीय विचार सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडला.

देवलांच्या मापनास अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. किराणा घराण्याच्या या गायकाचा सुरेलपणा सर्वमान्य होता, म्हणून त्यांचा स्वर प्रमाण मानण्यात आला. या मापनांच्या आधारे श्रुति-हार्मोनियमही तयार करण्यात आले. येथे एक पेच निर्माण झाला. ज्या कानाच्या आणि गळ्याच्या बळावर आकडे मिळाले, त्याच कानांना पुढे हे आकडे प्रमाण म्हणून लागू करावयाचे होते. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतीचा प्रश्न चर्चेस आला, तेव्हा या वाद्याचा दावा जाणकारांना पटला नाही.

देवलांच्या प्रयत्नास अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. सुरेलपणाला भौतिक पाया आहे, हे त्यांनी दाखविले. एका गायकाच्या एका वेळच्या स्वरावरून सर्व गायकांसाठी, सर्व रागांसाठी स्थिर प्रमाण काढणे, ही त्यांच्या पद्धतीची मर्यादा होती.

भातखंडे : लक्ष्याचे प्रामाण्य

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग भिन्न होता. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी साक्षीपुरावा गोळा करण्याची वकिली शिस्त संगीतात आणली. १९०४ मध्ये दक्षिणेचा आणि त्यानंतर उत्तर व पूर्व भारताचा प्रवास करून त्यांनी ग्रंथ, बंदिशी आणि गायकांची मते यांचा संग्रह केला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. आजच्या रागसंगीताचा निर्णय प्राचीन ग्रंथांतील श्रुतींवरून होणार नाही, तो प्रचारातील गायनावरून, म्हणजे 'लक्ष्या'वरून करावा लागेल, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी सप्तकातील बारा स्वर आधारभूत धरले आणि रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले.

या भूमिकेवर आक्षेप घेता येतात. काही राग थाटांच्या चौकटीत नीट बसत नाहीत. ज्या गायकांकडून सामग्री घेतली त्यांच्या विद्येला ग्रंथकाराने किती न्याय दिला, हा प्रश्नही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. परंतु श्रवणाच्या दृष्टीने पाहता भातखंडे यांनी एक मूलगामी विधान केले. त्यांच्या लेखी राग म्हणजे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि विशिष्ट स्वरसंगती यांनी बनलेली रचना होती. जाणकाराला राग ओळखू येतो तो या रचनेमुळे. गंधार काही सेंट वरखाली झाला तरी यमन ऐकणाऱ्यास यमनच ऐकू येतो.

पुढील मापनांनी या विधानास बळकटी दिली. नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्ष गायन-वादनातील स्वरांचे इलेक्ट्रॉनिक मापन प्रसिद्ध केले. एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात आणि एकाच कलावंताच्या सादरीकरणातही तो स्थिर राहत नाही, असे त्यात आढळले.

कान घडविण्याचा प्रयत्न

हा वाद चालू असतानाच विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी श्रोत्यांचा वर्ग घडविण्याचे कार्य हाती घेतले होते. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईत कार्य सुरू केले. पुढील काळात त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम उभारला. त्यांचे पुत्र, प्रख्यात गायक द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचाच. दरबार आणि खासगी बैठक यांत सीमित असलेले संगीत शाळा, जाहीर जलसा आणि भजन यांच्याद्वारे सामान्य कुटुंबांत पोहोचले. चांगल्या श्रोत्यासाठी मराठीत 'कानसेन' हा शब्द रूढ आहे. कान जन्माने मिळतो, कानसेन मात्र घडावा लागतो, ही जाणीव या शब्दात आहे.

त्याच कानांवर हार्मोनियमचाही संस्कार होत होता. संगीत नाटकाने हे वाद्य महाराष्ट्रात घरोघरी नेले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्यास कलेचा दर्जा दिला. उलटपक्षी, मींड आणि सूक्ष्म स्वरभेद त्यावर येत नाहीत म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. या काळात महाराष्ट्रातील श्रोत्यांनी हार्मोनियमच्या साथीतच रागसंगीताची उत्तम जाण मिळविली, हे नाकारता येणार नाही. वाद्याचा गंधार गणिताने बेसूर, तरीही मैफल सुरेल, या अनुभवाचे स्पष्टीकरण केवळ ध्वनिविज्ञान देऊ शकत नव्हते.

मेंदूविज्ञानाची साक्ष

हवेतील कंपने कर्णपटल आणि तीन लघुअस्थी यांच्यामार्फत अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचतात. तेथील पटलावर उच्च कंपने एका टोकास आणि नीच कंपने दुसऱ्या टोकास अधिक हालचाल निर्माण करतात. या शोधाबद्दल बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. केशपेशी या हालचालीचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात. ते संदेश मस्तिष्कस्तंभातून मेंदूच्या कानशिलाकडील भागात असलेल्या श्रवणकेंद्रापर्यंत जातात. येथवर देवलांचा पक्ष बळकट आहे, कारण उपस्वरांच्या संघर्षातून येणारा खरखरीतपणा कानाच्या पातळीवरच जाणवू लागतो.

परंतु ही वाट एकेरी नाही. मेंदूकडून कानाकडे परत येणारे तंतूही आहेत आणि अनुभवानुसार श्रवणाची पूर्वतयारी बदलते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की, संगीताचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तींच्या मस्तिष्कस्तंभात अपरिचित भाषेतील स्वरांचे चढउतारही अधिक नेमकेपणाने उमटतात. प्रशिक्षित संगीतज्ञ स्वरांतरे ठरावीक वर्गांत ऐकतात, असे बर्न्स आणि वॉर्ड यांनी १९७८ मध्ये मांडले. किंचित ढळलेला गंधारही सरावलेल्या कानाला गंधारच का वाटतो, याचा उलगडा यातून होतो.

खरखरीतपणा अप्रिय वाटणे हे तरी सार्वत्रिक आहे काय? बोलिव्हियाच्या ॲमेझॉन खोऱ्यातील त्सिमाने लोकांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना संवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटले, जरी ध्वनीतील खरखर त्यांना ओळखता येत होती. भेद ओळखणे ही कानाची क्षमता आहे, त्या भेदाला चांगलेवाईट ठरविणे यात संस्कृतीचा वाटा मोठा आहे.

भातखंडे यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेरी कॅस्टेलानो, मुंबईत जन्मलेले जमशेद भरुचा आणि कॅरोल क्रमहान्सल यांनी हिंदुस्थानी संगीतातील दहा राग भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकविले. प्रत्येक रागानंतर एकेक स्वर देऊन तो कितपत जुळतो, असे विचारले. ज्या स्वरांवर रागात अधिक काळ ठेहराव होता ते दोन्ही गटांना जुळणारे वाटले. परंतु थाटाच्या रचनेशी सुसंगत असे भेद केवळ भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत आढळले. भातखंडे यांचे थाट कागदावरचे वर्गीकरण म्हणून टीकेस पात्र ठरले होते. त्यांच्याशी मिळतीजुळती काही रचना श्रोत्यांच्या मनात वसत असल्याची ही साक्ष होती.

प्रतिसादाविषयीही असेच म्हणता येते. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, आवडत्या संगीतातील उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. तो क्षण येण्यापूर्वीच्या प्रतीक्षेतही ते स्रवते आणि या दोन अवस्थांशी मेंदूचे भिन्न भाग निगडित असतात. तिहाई सुरू होताच श्रोते समेची वाट पाहू लागतात आणि समेवर साऱ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. हा आनंद अपेक्षेवर आधारलेला आहे आणि ज्याने तालाचे आवर्तन आत्मसात केलेले नाही त्याला अपेक्षाच करता येत नाही. तरीही काही भाव संस्कृतीची सीमा ओलांडतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्कविल आणि थॉम्पसन यांच्या अभ्यासात रागांशी अपरिचित अशा कॅनडातील श्रोत्यांनी रागांतील आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव बऱ्याच अंशी ओळखले.

अध्यापनापुढील प्रश्न

भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासाला 'संगीतरत्नाकर' शिकविताना दोन मोह संभवतात. बावीस नाड्या म्हणजे आजचे मेंदूविज्ञानच होय, असे सांगणे हा पहिला. नाड्यांचे विधान चुकीचे म्हणून सारा ग्रंथ निकालात काढणे हा दुसरा. दोहोंत ग्रंथावर अन्याय होतो. शार्ङ्गदेवाचे शरीरशास्त्र त्याच्या काळाचे होते, परंतु त्याने विचारलेला श्रवणाचा प्रश्न आजही जिवंत आहे. तारा लावण्याची त्याची रीत विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी आणि प्रत्येकाच्या कानाला किती भेद कळतात याची नोंद करावी. संगीतशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले विद्यार्थी यांच्या नोंदींची तुलना हा पदवी पातळीवरील उत्तम प्रकल्प ठरेल.

संगीतोपचारासंबंधीच्या दाव्यांनाही हाच न्याय लावावा. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ३६ विद्यार्थ्यांवरील एक लहान प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टचे संगीत ऐकल्यानंतर एका विशिष्ट कसोटीतील गुण काही मिनिटांपुरते वाढले, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यावरून मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते, असा प्रचार जगभर झाला आणि पुढील संशोधनात त्या प्रचारास आधार मिळाला नाही. अमुक राग अमुक व्याधी बरी करतो, अशी विधाने आपल्याकडे होतात तेव्हा हा इतिहास स्मरणात ठेवावा. सर्वांच्या मेंदूत रागाचा प्रत्यय एकसारखा नसेल, तर त्याचा औषधासारखा एकसारखा परिणाम गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष

१. श्रुतीच्या वादातील तीन भूमिका परस्परांना छेद देणाऱ्या वाटल्या, तरी त्या श्रवणाच्या तीन पातळ्यांशी संबंधित आहेत. देवल यांचा भर ध्वनी आणि कान यांवर, भातखंडे यांचा शिकलेल्या रचनेवर आणि शार्ङ्गदेवाचा देह व मन यांच्या एकत्वावर होता.

२. मेंदूविषयक संशोधन ध्वनीचा भौतिक पाया मान्य करते. परंतु स्वराला संगीताचा अर्थ श्रोत्याच्या घडलेल्या मेंदूतच प्राप्त होतो, याकडे उपलब्ध पुरावा झुकतो.

३. गायकाचा कान आणि मापनयंत्र यांत मतभेद झाल्यास कानाला चूक ठरविण्यापूर्वी यंत्र नेमके काय मोजते, हे तपासणे आवश्यक आहे. १९१६ च्या बडोदा परिषदेपासून घ्यावयाचा हा पद्धतिशास्त्रीय धडा होय.

४. श्रवण घडत असेल, तर ते घडविणाऱ्या व्यवस्था हा सांस्कृतिक इतिहासाचा महत्त्वाचा विषय ठरतो. आपल्या तालुक्यातील काकडआरती, हरिनाम सप्ताह आणि पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस जाणाऱ्या दिंड्या या अशाच व्यवस्था आहेत. टाळ-मृदंगाच्या ठेक्यात वाढलेल्या मुलाच्या कानाला तालाची जाण शाळेपूर्वीच मिळते. आज तेच कान मोबाइलवरील समविभाजित, यंत्रशुद्ध स्वरांनीही घडत आहेत. या दोन संस्कारांत वाढणाऱ्या पिढीला काय ऐकू येते आणि काय ऐकू येईनासे होते, याची नोंद करणे ग्रामीण भागातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. दोन तंबोरे, वही आणि ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर हे काम सुरू करता येईल.